चाळीस कॅसेट आणि पन्नास रुपये दंड

गेल्या पावसाळ्यात कपाटातला कॅसेट प्लेअर बाहेर काढला. बटण दाबलं तर नुसती गुरगुर. झाकण उघडून बघतो तर आतल्या रबरी बेल्टचं डांबर झालेलं. पुलीला काळं, बोटांना काळं, रुमालाला काळं. जुन्या प्लेअरचं हे नेहमीचं दुखणं. तासभर स्पिरिटने पुसत बसलो आणि दुसऱ्या दिवशी पुण्याच्या बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत फिरलो. पाचव्या दुकानातल्या काकांनी ड्रॉवरमधून बेल्टांचा गुंता काढला, दोन पुल्यांभोवती दोरा गुंडाळून माप घेतलं आणि विचारलं, "एवढं काय ऐकायचंय?"

"मित्राची कॅसेट आहे."

"मग फोनवर नाही का मिळत?"

"नाही मिळत."

"यूट्यूबला?"

"तिथेही नाही."

काकांनी माझ्याकडे जरा दयेने बघितलं, साठ रुपये घेतले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

हा मित्र दिवसा एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो आणि रात्री, घरचे झोपल्यावर, हेडफोन लावून सिंथेसायझरवर, म्हणजे विजेवर स्वर घडवणाऱ्या वाद्यावर, बसतो. २०१६ साली त्याने आपल्या संगीताच्या चाळीस कॅसेट काढल्या. कव्हर घरच्या प्रिंटरवर छापलं, नंबर हाताने घातले. माझ्याकडे सतरा नंबर आहे. त्याने फाइली ज्या संकेतस्थळावर चढवल्या होत्या ते पुढे गाशा गुंडाळून गेलं. हार्ड डिस्क एके दिवशी टक-टक करायला लागली आणि गेली. बॅकअप? घेऊ, घेऊ म्हणत राहिला. बाकीच्या एकोणचाळीस कॅसेट कुठे आहेत हे त्यालाही सांगता येत नाही. थोडक्यात, या संगीताची मूळ प्रत म्हणजे माझ्या कपाटातली सतरा नंबरची कॅसेट, आणि तिचं भवितव्य साठ रुपयांच्या रबरावर.

या संगीताला अंडरग्राउंड म्हणतात. मराठीत भूमिगत म्हणावं तर बेचाळीसची पत्रकं आणि पोलिसांना गुंगारा देणारी माणसं डोळ्यांसमोर येतात. इथे कोणी कोणाला गुंगारा देत नाही. उलट सगळं उघड्यावर मांडलेलं असतं, फक्त कोणी येऊन बघत नाही. डार्कवेव्ह, कोल्डवेव्ह, मिनिमल सिंथ, डार्क अँबियंट, डंजन सिंथ अशी नावं आहेत. त्यांच्या सीमांवरून भांडणारे लोकही आहेत, त्या भांडणात आपण शिरायला नको. कानाला काय येतं ते सांगतो. ड्रम मशीनचा कोरडा, माणसाचा हात न लागल्यासारखा ठोका. खाली तीन-चार सुरांची बेसलाइन, तीच ती. वर सिंथचा, म्हणजे सिंथेसायझरचा, एक लांब स्वर, जो स्थिर वाटतो पण नसतो. जुन्या ॲनालॉग सिंथमध्ये दोन ऑसिलेटर, म्हणजे स्वर निर्माण करणारे भाग, एकाच स्वरावर लावून एकाला केसभर सरकवलं की दोघांच्या मधे एक संथ हेलकावा तयार होतो. तंबोऱ्याची जोड लावताना तारा अगदी मिळायच्या आधी जो हेलकावा ऐकू येतो, तोच हा. फरक एवढाच की आपण तो घालवायला बसतो आणि ही मंडळी तो जपायला. आणि आवाज असलाच तर शेजारच्या खोलीतून आल्यासारखा, शब्द अर्धे कळणारा.

असलं संगीत आज ढिगाने निघतं. पन्नास कॅसेट, शंभर रेकॉर्ड, नाहीतर नुसत्या फाइली. चांगलं किती, टाकाऊ किती, यावर मी लिहू शकलो असतो. आवडी-निवडी माझ्याही आहेत. पण पुलीवरचं डांबर पुसताना एक प्रश्न डोक्यात बसला तो जाईना. निघालेलं संगीत तीस वर्षांनी कुठे असेल? आणि ते कुठेतरी असावं ही जबाबदारी कोणाची? बनवणाऱ्याची, ऐकणाऱ्याची, ज्या कंपनीच्या सर्व्हरवर ते पडलंय तिची, की आपल्या सगळ्यांची? माझं उत्तर शेवटचं आहे. आपल्या सगळ्यांची, म्हणजे कायद्याची.

हसू येईल. चाळीस प्रतींच्या किरकिऱ्या संगीतासाठी कायदा? म्हणून आधी मुंबईची एक गोष्ट.

चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले वादक. गिटार, बेस, की-बोर्ड, जे समोर येईल ते वाजवणारे, आणि बाजारात नवं वाद्य आलं की ते आधी ज्यांच्या हातात दिसायचं अशांपैकी. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी सिंगापूरहून रोलँड कंपनीची यंत्रं आणली. ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि टीबी-३०३ नावाची चंदेरी डबी. ही डबी मुळात एकट्या गिटारवाल्याला सरावासाठी बेसची साथ मिळावी म्हणून काढलेली. तिच्यात सूर वेगळे भरायचे आणि त्यांचा काळ वेगळा भरायचा. एका बैठकीत सरळ काही वाजवावं म्हटलं तर माणूस वैतागून उठतो. बाजारात ती आपटली आणि तीनेक वर्षांत रोलँडने उत्पादन बंद केलं. पण तिला एक खोड होती. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना ती मधलं अंतर रबरासारखं ताणून घसरत जायची. गिटारवाल्याला हे काय कामाचं? मींडेवर वाढलेल्या कानाला मात्र ती घसरण ओळखीची.

सिंग यांनी भैरवी, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग घेतले, खाली डिस्कोचा ठोका ठेवला आणि १९८२ साली एचएमव्हीतर्फे एलपी निघाली. चालली नाही. रागवाल्यांना तो पोरखेळ वाटला असेल, डिस्कोवाल्यांना गाणं कुठंय असा प्रश्न पडला असेल. रेकॉर्ड दुकानांच्या तळाशी गेली आणि सिंग लग्नकार्यात आणि पार्ट्यांत वाजवत राहिले.

पाच वर्षांनी, १९८७ साली, शिकागोतल्या तीन पोरांनी सेकंडहँड घेतलेल्या टीबी-३०३ची बटणं पिळून एक रेकॉर्ड काढली आणि त्यातून ॲसिड हाउस नावाचा, क्लबांत नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा प्रकार जन्मला. २०००नंतर एडो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला सिंग यांची एलपी दिल्लीत सापडली. तिच्यातला आवाज ऐकून आणि कव्हरवरचं साल बघून तो चक्रावला. त्याने मुंबईत सिंग यांना गाठलं आणि २०१०मध्ये बॉम्बे कनेक्शन या आपल्या छोट्या लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीतर्फे, ती पुन्हा काढली. सत्तरी गाठलेले सिंग युरोपातल्या क्लबांत तीच यंत्रं घेऊन उभे राहिले. २०१५च्या जुलैमध्ये ते मुंबईत वारले.

ही गोष्ट आपल्याकडे फार आवडते, आणि नेमकी चुकीच्या कारणासाठी. "बघा, ॲसिड हाउस आमच्याच माणसाने शोधला!" पुष्पक विमानाच्या शेजारी आणखी एक फोटो टांगला की झालं. शिकागोच्या पोरांनी सिंग यांचं नावही ऐकलेलं असण्याचं कारण नाही. एकाच यंत्राने दोन टोकांच्या माणसांना एकच खोड शिकवली, एवढाच त्याचा अर्थ. सिंग काही शोधायला गेले नव्हते, नव्या यंत्रावर राग लावून बघत होते. मला या गोष्टीत पहिला कोण यापेक्षा मधली अठ्ठावीस वर्षं अस्वस्थ करतात. त्या काळात ही एलपी आपल्याकडे कोणी मुद्दाम जपली नव्हती. ज्या कंपनीने काढली तिने ती पुन्हा काढली नाही. एका परदेशी माणसाच्या हाताला ती त्या दिवशी लागली नसती तर? रद्दीवाल्याने तो गठ्ठा आधीच उचलला असता तर? मग हे संगीत वाईट ठरलं नसतं. ते नव्हतंच, असं ठरलं असतं.

दुसरी गोष्ट अहमदाबादची, आणि ती जास्त अंधारी आहे. १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, मूग कंपनीचा सिंथेसायझर बसवला. तारांच्या जंजाळाचं कपाटाएवढं यंत्र. पुढची तीनेक वर्षं तिथे गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी प्रयोग केले. ज्या गीताबेनकडून अमेरिकन संगीतकार जॉन केज १९४६मध्ये न्यूयॉर्कला भारतीय संगीत समजून घेत होता, त्याच या. काही ध्वनिमुद्रणं आज ऐकली तर कालच कुठल्या लेबलवर निघाली असावीत असं वाटतं: लांबच लांब घुमणारे स्वर, पोकळ घरघर, मधेच एखादा माणसाचा आवाज. १९७२नंतर स्टुडिओ थंडावला. टेप संस्थेच्याच संग्रहात पडून राहिल्या. २०१७मध्ये पॉल पर्गस हा लंडनचा कलावंत तिथे पोचला, त्याने त्या बाहेर काढल्या, साफ केल्या आणि २०२३ साली त्यातल्या निवडक टेपांची रेकॉर्ड निघाली. आपल्याकडच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचं पहिलं पान आपल्याला पन्नास वर्षांनी वाचायला मिळालं.

या दोन गोष्टींत एक फरक आहे आणि माझा सगळा युक्तिवाद त्या फरकावर उभा आहे. सिंग यांची एलपी नशिबाने वाचली. एनआयडीच्या टेप वाचल्या त्या संस्थेला कपाट होतं म्हणून. कोणी ऐकत नव्हतं, पण कपाट होतं, आणि सरकारी संस्थेतल्या कपाटातलं सहसा कोणी फेकत नाही. आळस म्हणा, नियम म्हणा. जपणुकीला रसिकता लागते असा आपला समज असतो. माझ्या मते तिला आधी फडताळ लागतं आणि फेकून देण्याचा कंटाळा लागतो. रसिक नंतर येतात, पन्नास वर्षांनी का होईना.

आता आजच्या कपाटांकडे बघू. नवं सिंथ संगीत आज मुख्यतः कंपन्यांच्या सर्व्हरवर राहतं. स्पॉटिफायने २०२३च्या अखेरीस जाहीर केलं आणि २०२४पासून लागू केलं की मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचं मानधन मिळणार नाही. कंपनीचं म्हणणं असं की अशा गाण्यांना महिन्याला सरासरी तीन सेंट जमतात. ते ना धड वितरकाच्या किमान रकमेपर्यंत पोचतात ना कलावंताच्या खात्यात. हिशेब म्हणून यात खोट काढता येणार नाही. माझ्या मित्राला वर्षाचे पंचवीस-तीस रुपये मिळाले काय, न मिळाले काय. पण या नियमाने एक रेघ ओढली. रेघेखालचं गाणं दुकानात ठेवलंय, गिऱ्हाईक आलं तर ऐकवलंही जातं, मात्र दुकानाच्या वहीत त्याची किंमत शून्य. ज्याची किंमत वहीत शून्य लागते त्याला उद्या जागेचं भाडं कोण भरणार? १९८२ साली हा नियम असता तर दहा रागांची ती एलपी रेघेखालीच गेली असती. तिला हजार ऐकणारे मिळायला २०१० उजाडलं.

कंपनी वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. कंपनीकडून कपाटाची अपेक्षा ठेवणं हाच मूर्खपणा आहे. मायस्पेसचं उदाहरण ताजं आहे. २०००च्या दशकात अंडरग्राउंड संगीताची सगळी वस्ती तिथेच होती, बँडचं पान म्हणजे मायस्पेसचं पान. २०१९च्या मार्चमध्ये कळलं की सर्व्हर हलवताना २००३ ते २०१५ या काळात चढवलेलं जवळपास सगळं संगीत गेलं. अंदाज होता पाच कोटी गाणी, एक कोटी चाळीस लाख कलावंत. इंटरनेटवरचा मजकूर जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेला त्यातली चार लाख नव्वद हजार गाणी कुठूनतरी परत मिळाली. शंभरातलं एक.

बँडकँप या, कलावंतांना आपलं संगीत थेट विकता येणाऱ्या संकेतस्थळावर या मंडळींचा जीव आहे, माझाही आहे. २००८पासून चालू, डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के घेते आणि उरलेलं बनवणाऱ्याला देते. करोनात २०२०च्या मार्चपासून अधूनमधून एका शुक्रवारी तिने आपला वाटाही सोडला. पण २०२२ साली ती एपिक गेम्स या व्हिडिओ गेमच्या कंपनीने विकत घेतली, २०२३ साली साँगट्रेडर या संगीताचे परवाने विकणाऱ्या कंपनीला विकली गेली आणि त्या व्यवहारात निम्म्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या. दोन वर्षांत दोन मालक. चांगल्या घरमालकाकडे भाड्याने राहिलं तरी घर आपलं होत नाही, हे पुण्यात कोणाला समजावून सांगायला नको.

इथे एक जण हमखास मोल्चात दोमाचं नाव घेतो. बेलारूसमधल्या मिन्स्कचा बँड, २०१७चा. थंड, घोगरा, सोव्हिएत इमारतींसारखा करडा आवाज. २०१८चा त्यांचा अल्बम बर्लिनच्या डेट्रिटी या छोट्या लेबलने काढला. यूट्यूबवर कोणी कोणी चढवला, २०२०मध्ये अमेरिकेतल्या सेक्रेड बोन्स या लेबलने त्यांना उचललं आणि त्याच वर्षी त्यातलं एक गाणं टिकटॉकवर वाऱ्यासारखं पसरलं. बघा, म्हणे, अल्गोरिदमच तळाचं वर आणतो! आणतो खरा. पण काय आणतो ते बघा. त्या गाण्याचे शब्द बोरिस रिझी या रशियन कवीचे आहेत, ज्याने २००१ साली आत्महत्या केली. कवितेत आजारी माणसाच्या खोलीतलं एनॅमलचं भांडं आहे, खिडकी आहे, पलंगाशेजारचं छोटं कपाट आहे, आणि जगणं किती अवघड आणि मरणं किती सोयीचं याची खिन्न चेष्टा आहे. टिकटॉकवर त्यावर पोरं-पोरी कपडे बदलून दाखवत होत्या. मला त्याचा राग नाही, गंमतच वाटते. मात्र लाटेने एक शिंपला किनाऱ्यावर टाकला म्हणून समुद्र जपून ठेवतो असं म्हणता येत नाही.

उलट हे संगीत आज जे काही जिवंत आहे, ते जपणाऱ्यांमुळे. १९७८ साली लंडनमध्ये डॅनियल मिलरने कॉर्गचा एक सेकंडहँड सिंथ घेऊन घरात रेकॉर्ड बनवली आणि कव्हरवर घरचा पत्ता छापला. लोकांना वाटलं ही कंपनीच आहे, टेप यायला लागल्या, आणि त्यातून म्यूट हे लेबल उभं राहिलं. मिलरचं नशीब थोर. त्याच्यासारखे शेकडो होते ज्यांच्या कॅसेट पोस्टाने पाच-पन्नास घरांत गेल्या आणि संपल्या. १९८२ साली इंग्लंडमधल्या ऑपेनहायमर ॲनालिसिस या दोघांच्या गटाने अणुयुद्धाच्या सावलीतल्या गाण्यांची एक कॅसेट अशीच हातोहात विकली होती. (यातले एक ऑपेनहायमर पुढे खरोखरच अण्वस्त्रांचे अभ्यासक झाले.) २००५ साली न्यूयॉर्कच्या वेरोनिका वासिच्काने मिनिमल वेव्ह हे लेबल काढलं आणि पहिलीच रेकॉर्ड या गाण्यांची केली. २००९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जॉश चिऑनने डार्क एंट्रीज काढलं. १९८२मध्ये एड्सने गेलेल्या पॅट्रिक काउलीच्या टेप या लेबलने बाहेर आणल्या. समलिंगी पुरुषांसाठीच्या निळ्या फिल्मांना दिलेलं ते संगीत आता समीक्षक मान डोलावून ऐकतात.

आजच्या नव्या रिलीजांमधले कितीतरी आवाज या पुनर्मुद्रणांच्या शाळेत शिकलेले आहेत. वीस वर्षांपूर्वी ती जुनी गाणी बाहेर आली नसती तर आजच्या पोरांनी कोणाचं ऐकून त्या कोरड्या ठोक्यावर प्रेम केलं असतं? जुनं जपलं की नवं निघतं, इतकं हे सरळ आहे. आपल्याला हे नवं नाही. नाट्यसंगीताच्या आणि बैठकीच्या ७८च्या तबकड्या चोरबाजारातून, वाड्यांच्या माळ्यांवरून गोळा करणाऱ्या वेड्या माणसांनी १९९०मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन केली. आज जुन्या मराठी गाण्याचा अभ्यास करणाऱ्याला या वेड्यांच्या दारात जावंच लागतं. म्हणजे इथेही भार खांद्यावर घेतला तो हौशी माणसांनी. पगार नाही, जागा नाही, घरच्यांची बोलणी मात्र भरपूर.

आणि कायदा? कायदा आहे की! १९५४चा, पुस्तकं सार्वजनिक ग्रंथालयांना देण्याचा. देशात पुस्तक प्रकाशित झालं की तीस दिवसांच्या आत प्रकाशकाने स्वखर्चाने त्याच्या प्रती कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, दिल्लीचं सार्वजनिक ग्रंथालय आणि मुंबईत टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय यांना पाठवायच्या. १९५६मध्ये वर्तमानपत्रंही त्यात आली. न पाठवल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत, शिवाय पुस्तकाची किंमत. दंडाचा आकडा वाचून हसू येतं, पण या कायद्यामागचा विचार मोठा आहे. पुस्तक चांगलं की वाईट, खपलं की सडलं, हे तो विचारत नाही. प्रकाशित झालंय? मग एक प्रत ठेवा. कोणा कवीचा शंभर प्रतींचा, स्वतःच्या पैशाने काढलेला, मित्रांनीही न वाचलेला संग्रह या कायद्याला खांडेकरांच्या कादंबरीइतकाच लाडका.

ध्वनिमुद्रण मात्र त्यात नाही. ज्या देशात ज्ञान हजारो वर्षं कानातून कानात गेलं त्या देशाचा कायदा फक्त छापील अक्षराला ओळखतो. नॉर्वेने १९८९ साली कायदा करून ध्वनिमुद्रणं, चित्रफिती, प्रसारण, सगळंच जमा करायला लावलं. आर्क्टिक वर्तुळाच्या जरा खाली मो इ राना या गावी डोंगर पोखरून केलेल्या भांडारात ते ठेवतात. मला यात काव्य दिसतं. डंजन सिंथ हा मेणबत्ती आणि पडक्या किल्ल्यांचा प्रकार १९९०च्या दशकात नॉर्वेतल्याच ब्लॅक मेटल या कर्कश, काळोख्या रॉक संगीतवाल्यांच्या फावल्या वेळातून आला. समाजावर थुंकत निघालेलं संगीत आणि त्याला डोंगराच्या पोटात जागा देणारा तोच समाज! जर्मनीत १९७०पासून जर्मन संगीत अभिलेखागार हेच काम करतं. ब्रिटनमध्ये मात्र इतकं सगळं संगीत निघूनही ध्वनिमुद्रणं जमा करण्याची सक्ती नाही. तिथे ब्रिटिश लायब्ररीला देणगी आणि समजुतीवर भागवावं लागतं. म्हणजे श्रीमंत देशाकडे हे असतंच असं नाही. ठरवलं तर असतं.

यावर माझ्या मित्राचाच आक्षेप आहे आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. तो म्हणतो, "अरे, मी चाळीसच का काढल्या? चाळीसच लोकांनी ऐकावं म्हणून. सरकारी रजिस्टरात माझं नाव कशाला? आणि तिथे उद्या कोणी अश्लील-बिश्लील म्हणून पानं चाळायला लागलं तर?" यातली भीती खोटी नाही. नाटकाची संहिता आधी मंडळाकडे पाठवून परवानगी घ्यायची सवय लागलेल्या महाराष्ट्रात तर मुळीच नाही. जमा करणं आणि तपासून घेणं यात फरक असतो हे आपल्याकडच्या कचेऱ्यांना पटवणं कठीण. म्हणून मी सक्ती मागत नाही. हक्क मागतो. ज्याला आपलं ध्वनिमुद्रण द्यायचं आहे त्याचं ते ग्रंथालयाने घेतलंच पाहिजे, नाकारायची मुभा नाही, दर्जा विचारायचा नाही, आणि बनवणारा म्हणेल तितकी वर्षं बंद ठेवायचं. चाळीसांसाठी केलेलं एक्केचाळिसाव्याने तीस वर्षांनी ऐकलं तर चाळिसांचं काय बिघडतं? यावर तो गप्प बसला. पटलं म्हणून की कंटाळला म्हणून, माहीत नाही.

दुसरा आक्षेप ढिगाचा. डीझर या फ्रेंच सेवेने २०२५च्या एप्रिलमध्ये सांगितलं की तिच्याकडे रोज येणाऱ्या गाण्यांपैकी सुमारे १८ टक्के, म्हणजे वीस हजारांहून जास्त, पूर्णपणे एआयने बनवलेली असतात. आमचा अंधारा घुमारा तर नक्कल करायला सगळ्यांत सोपा. शब्द नकोत, ताना नकोत, अर्धा तास घरघर पुरे. हा पूर राष्ट्रीय ग्रंथालयात सोडायचा का? नाही. त्यावर उपाय जुनाच आहे, कष्टाचा. एक वस्तू द्या: कॅसेट, रेकॉर्ड, सीडी, नाहीतर पेनड्राइव्ह. सोबत एक कागद, त्यावर कोणी केलं, कुठे केलं, कोणत्या यंत्रावर केलं, सही. माणसाला पोस्टात जावं लागलं की वीस हजारांचे वीस होतात. आणि तो कागद पन्नास वर्षांनी संगीताइतकाच मोलाचा ठरेल. एनआयडीच्या टेपा कोणी केल्या हे कळतं म्हणूनच आज आपण त्यांच्यासोबत गीताबेनचं नाव घेऊ शकतो.

पैशाचा आक्षेप मी गंभीरपणे घेत नाही. ज्या राज्यात पुतळ्यांच्या उंचीची स्पर्धा चालते तिथे काही खोल्या, एक वातानुकूलन यंत्र आणि टेपवरून संगणकावर उतरवून घेणारी दोन माणसं परवडत नाहीत असं कोणी सांगू नये. ऐकणाऱ्यांची जबाबदारी यातून सुटते असंही नाही. आवडलं तर विकत घ्या, फाइल उतरवून दोन ठिकाणी ठेवा, नुसतं हृदयाचं चिन्ह दाबून पुढे जाऊ नका. पण हे मी स्वतःलाही बऱ्याच वर्षांपासून सांगतोय, आणि माझ्या डिस्कचा बॅकअपही मागच्या दिवाळीचा आहे.

बेल्ट बसवला. सतरा नंबर सुरू झाली. पहिल्या बाजूला चौथ्या मिनिटाला मागे कुठेतरी प्रेशर कुकरची शिट्टी आहे, ती मला मुद्दाम टाकलेली वाटायची. मित्राला विचारलं तर म्हणाला, आईने सकाळी लवकर डाळ लावली होती, माईक उघडा राहिला. मी ती बाजू संगणकावर उतरवून घेतली. शिट्टीसकट.

या महिन्यात त्याची नवी कॅसेट येतेय. या वेळी तीसच. मी तीन सांगितल्या आहेत. एक ऐकायला, एक कपाटात, आणि तिसरी स्पीड पोस्टाने मुंबईला, टाउन हॉलच्या पत्त्यावर. सोबत पत्र लिहून ठेवलंय: कायद्यात बसत नाही हे माहीत आहे, तरी ठेवून घ्यावी ही विनंती. पाकिटात कागदही घातलाय. केलं कोणी, कुठे, कोणत्या यंत्रावर. खाली मित्राची सही घ्यायची राहिली आहे, रविवारी जाऊन घेतो.